काँक्रीट चालू होतं

आप्पा, सध्या माझं काम दौंडच्या पुढं भीमेच्या काठावर चालू आहे. पाणी उचलायच्या योजनेसाठी पंपहाऊसची खोल विहीर करायची आहे आणि ती खोदायच्या आधी तिच्याभोवती जमिनीतच काँक्रीटची भिंत उभी करायची आहे. म्हणजे तुमचंच काम. वर काळी माती, तिच्याखाली नदीची वाळू, मग मुरूम आणि तळाला काळा कातळ. साधी विहीर म्हणून खोदायला घेतली तर वाळू पाण्यासकट आत येते आणि काठ ढासळत जातो, म्हणून आधी भिंत, आतली माती नंतर. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी मनात आलं नाही. बोलायचं असायचं ते मशीनच्या आवाजात मनातल्या मनात बोलून घ्यायचे. पण मध्यंतरी या साइटवर एक गोष्ट कळली आणि ती तशी बोलून संपेना.

तुम्ही इथं आला असता तर आधी मशीनभोवती एक चक्कर मारली असती. इथला ग्रॅब, म्हणजे माती उपसायचा लोखंडी पंजा, हायड्रॉलिक आहे. तुमचा दोरावरचा ग्रॅब स्वतःच्या वजनानं मातीत शिरायचा आणि दोर ओढला की त्याचा जबडा मिटायचा. याचा जबडा तेलाच्या दाबानं मिटतो. केबिनमध्ये ऑपरेटरसमोर पडदा असतो, त्यावर ग्रॅब कुठं कलला ते दिसतं. तुम्ही ते नुसत्या दोराकडं बघून ओळखायचा. मी पुण्यात जमिनीखालच्या स्टेशनच्या कामावर होते तेव्हा तिथं कटर होता. त्याची दातेरी चाकं फिरत फिरत कातळ कुरतडतात आणि चुरा बेंटोनाइटच्या, म्हणजे चर धरून ठेवणाऱ्या मातीच्या, पाण्याबरोबर वर ओढला जातो. इथं एवढ्याशा कामाला कटर कोण आणणार? कातळ लागला की आम्ही तुमच्यासारखाच लोखंडाचा जडशीळ चिझल वर उचलतो आणि सोडतो. तो पडला की पायाखालची जमीन हलते आणि पलीकडच्या उसातले बगळे उडतात.

हे काम मला पहिल्यांदा कळलं ते केंदूरच्या आपल्या अंगणात. मी तेव्हा आठवीत असेन. तुम्ही मुंबईहून सुट्टीवर आलेले आहात आणि आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. गावात कुणी विचारलं तर ती 'क्रेनवर असत्यात' एवढंच सांगायची. त्या दिवशी तिनं तुम्हाला विचारलं, तुम्ही तिथं नेमकं करता तरी काय. तुम्ही उठलात, तिची मोठी परात उचललीत, शेजारच्यांनी बांधकामासाठी आणलेल्या ढिगातली ओली वाळू तिच्यात दाबून भरलीत आणि उलथन्यानं मधोमध एक उभी फट पाडलीत. दोन्ही बाजू लगेच आत पडल्या. मग तुम्ही सकाळपासून बादलीत भिजत घातलेलं बेंटोनाइटचं राखाडी पाणी आणलंत. आईला वाटलं होतं ती तोंडाला लावायची माती आहे. ते पाणी फटीत ओतत ओतत तुम्ही पुन्हा वाळू काढत गेलात आणि या वेळी फट उभी राहिली. आई भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघायला आली.

"म्हंजी चिखलानं भिंत धरायची?" ती म्हणाली.

"काँक्रीट येईस्तवर धरायची," तुम्ही म्हणालात. मग तुम्ही नरसाळं आणून दाखवलंत, की काँक्रीट वरून ओतायचं नसतं, पाइप तळापर्यंत सोडायचा आणि काँक्रीट खालून वर चढवायचं, म्हणजे ते चिखलाला वर ढकलत येतं. आणि एकदा चालू झालं की मध्ये थांबायचं नाही. पाइपचं तोंड काँक्रीटमध्ये बुडालेलं राहायला पाहिजे. थांबलं तर भिंतीत चिखल राहतो आणि तिथून पुढं जन्मभर पाणी झिरपतं. तुमच्या तोंडून एका दमात एवढं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दादा दारात उभा होता, त्यानं लक्ष दिलं नाही, त्याला क्रिकेटला जायचं होतं. आई मात्र हसत होती. भाकरी करपली तेव्हा तिचं हसू गेलं आणि ती परात राखेनं घासताना संध्याकाळपर्यंत तुम्हाला बोलत राहिली.

पुढच्याच वर्षी तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग पथ्य झालं, आणि शिरूरच्या दवाखान्यात नेलं तोवर तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. खुटबावचा मामा आला. त्यानं दवाखान्याबाहेरच्या बूथवरून तुमच्या साइटच्या ऑफिसला सकाळीच फोन लावला, ती माणसं ओळखेना झाली आहे, निघा, असं सांगितलं. मी तिच्या उशाशी होते. मला ती तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती. मामाला ओळखत नव्हती. दुपारपर्यंत आम्ही सगळे दाराकडं बघत होतो. मामा दर थोड्या वेळानं एसटी स्टँडवर जाऊन परत यायचा. तिसऱ्या प्रहरी ती गेली. अंग सुजलं होतं, ठेवता येणार नाही असं सगळे म्हणाले, आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला केंदूरला दादानं तिला अग्नी दिला. तो बारावीला होता.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. अंगणात माणसं बसलेली होती. तुमच्या पँटला गुडघ्यापर्यंत वाळलेलं बेंटोनाइट होतं, राखाडी, पोपडे सुटलेलं. मामा उठून उभा राहिला आणि त्यानं एकच विचारलं.

"कुठं व्हता?"

"काँक्रीट चालू व्हतं," तुम्ही म्हणालात. "सोडता येईना."

मामानं तोंड फिरवलं. दादा, डोक्यावरचे केस काढलेला, घरात निघून गेला. त्यानंतर तो तुमच्याशी बोललाच नाही. तुम्ही जेवायला बसलात की तो उठायचा, तुम्ही सुट्टीवर आलात की त्याला मित्राकडं काम निघायचं. खुटबावचं येणंजाणं तुटलं. आणि मी, आप्पा, त्या घरात तुमची बाजू मांडणारी एकटी होते. मी ती परात बघितली होती. दहाव्याला, तेराव्याला, पुढं वर्षश्राद्धाला, चुलतीला, आत्याला, शेजारणींना मी सांगत राहिले, की मध्येच सोडता येत नाही, पाइप बुडालेला राहायला पाहिजे, थांबलं तर भिंतीत चिखल राहतो. त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या. एक आत्या म्हणाली, बापावर गेलीय. मला ते आवडलं होतं.

मी डिप्लोमाला सिव्हिल घेतलं ते कशामुळं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. प्रवेश झाला तेव्हा तुम्ही मला एक थर्मास आणून दिलात, साइटवर चहा वेळेवर मिळत नाही म्हणालात, आणि मी अजून साइट बघितलीही नव्हती. मग दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तुमच्या साइटवर आले. दोन्ही बाजूंच्या बुटक्या गाईड वॉलमध्ये ती अरुंद चर बेंटोनाइटनं काठोकाठ भरलेली होती आणि मी कडेला जाऊन वाकून बघत होते. ग्रॅब बाहेर आला, राखाडी पाणी सांडत वर गेला, जबडा उघडला आणि चिखल डंपरमध्ये पडला. तुम्ही वरून सगळ्यांसमोर ओरडलात, तिथनं मागं हो. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा आवाज चढलेला ऐकला. मला रडू आलं. नंतर चहाला तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, दिसायला पाणी दिसतं, पण त्यात पडलेलं माणूस हाताला लागत नाही. एवढं बोलून तुम्ही कप धुवायला घेऊन गेलात. मी त्या कामाला घाबरावं असं तुम्हाला वाटत होतं. आज मी साइटवरच्या पोरांना कडेपासून मागं करते तेव्हा माझा आवाज तुमच्यासारखा निघतो.

तोवर दादा रांजणगावच्या कारखान्यात प्रेसवर लागला होता आणि आपण कारेगावात खोली घेतली होती. तुमचे गुडघे गेले, तुम्ही काम सोडून तिथं येऊन राहिलात, तरी एका खोलीत दादा तुमच्याशी माझ्यामार्फत बोलायचा. आप्पांना विचार, चहा ठेवू का. आप्पांना सांग, गोळी घ्या. तुम्ही ते ऐकायचा आणि मला उत्तर द्यायचा. मग मला पहिली नोकरी लागली, पुण्यात एका इमारतीच्या तळघराच्या भिंतीचं काम. एका रविवारी दादा माझा डबा घेऊन आला, तेव्हा पॅनेलचं, म्हणजे भिंतीच्या एका तुकड्याचं, काँक्रीट सुरू झालं होतं. एक गाडी रिकामी होते, दुसरी मागं लागते, पाइप वर घ्यायचा तो मोजून घ्यायचा, वर येणारं बेंटोनाइट पंपानं टाकीत परत ओढायचं. मी त्याला लांबूनच हात केला. तो डबा धरून गेटपाशी बसला. जेवायला कुणीच हललं नाही. उन्हं कलली तेव्हा शेवटची गाडी सुटली आणि मी हात धुऊन त्याच्यापाशी गेले.

बसमध्ये शिक्रापूर मागं पडल्यावर तो म्हणाला, "म्हंजी आप्पांना खरंच येता आलं नसतं."

"नसतं," मी म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं चपला काढल्या, तुमच्या कॉटपाशी गेला आणि सरळ तुम्हाला विचारलं, आप्पा, चहा घेता का. तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत, मग त्याच्याकडं. घेतो म्हणालात. बशीत चहा सांडला. तुमचे डोळे भरले होते आणि मी समजले की हे सुख आहे. मी किती दिवस त्या नजरेवर जगले. पुढं तुम्हाला झटका आला, अर्धं अंग गेलं, तेव्हा दादानं तुमचं सगळं केलं. पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, दाढी केली, घास भरवले, कामावर जाताना शेजारच्यांना तुमच्यावर नजर ठेवायला सांगून जायचा. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा हात त्याच्या हातात होता आणि लहान पोरासारखा तो रडला. मामाही आला होता त्या वेळी. दादानंच त्याला खुटबावला जाऊन समजावलं होतं, की काँक्रीट चालू असलं म्हणजे काय असतं.

आता या साइटवरचं सांगते. खोदाईचं काम ज्यांना दिलं आहे त्यांचे फोरमन आहेत, वयानं तुमच्याहून थोडे लहान. शिरूरच्या मिशन कंपाउंडजवळ राहतात, रविवारी आधी चर्चला जातात आणि मग साइटवर येतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. एकदा मी बेंटोनाइटचा नमुना घेऊन तो नळकांड्यातून गळायला किती वेळ लागतो ते बघत होते, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं. केंदूर म्हटल्यावर आडनाव विचारलं, आणि मग माझ्याकडं नीट बघितलं. ते मुंबईला तुमच्या क्रेनखाली रिगर होते, दोर आणि साखळ्या अडकवणारे. तुमचा हात किती हलका होता, ग्रॅब भिंतीला न लागता कसा उतरायचा, ते सांगत राहिले. मला इतकं बरं वाटत होतं. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या आई गेल्या तवा मीच व्हतो खाली."

"काँक्रीट चालू होतं ना तेव्हा," मी म्हणाले.

"न्हाई, ताई," ते म्हणाले. "खोदाई चालू व्हती. काँक्रीट दुसऱ्या दिशी झालं."

मला वाटतं त्यांना पुढं बोलायचं नव्हतं, पण मी विचारत गेले. सकाळी ऑफिसातून इंजिनिअर स्वतः धावत आला होता. कंपनीची जीप तुमच्यासाठी काढून उभी केली होती. दुसरा ऑपरेटर खाली शिडीपाशी उभा होता, तुम्ही उतरलात की चढायचं म्हणून. खोदाई मध्ये थांबवता येते, बेंटोनाइटची पातळी धरून ठेवली की चर दिवसभरच काय, त्याहून जास्तही उभी राहते. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती, मी रोज तेच करते. तुम्ही म्हणालात, एवढं पॅनेल तळाला लावतो आणि निघतो. तळ लागला. तुम्ही म्हणालात, तळ साफ करून देतो. जेवायला उतरला नाहीत. फोरमन मामा पाणी द्यायला वर चढले आणि म्हणाले, जावा की आता, माणूस हाय दुसरा. तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, "फोनवर म्हनले, वळखंना झालीय. मी गेलो आन् मला बी वळखलं न्हाई तर?" आणि ग्रॅब पुन्हा खाली सोडलात. तो रिकामाच वर येत होता, असं मामा म्हणाले. माती संपली होती. दुपार कलल्यावर दुसरा फोन आला. तुम्ही उतरलात, ग्रॅब जमिनीवर टेकवायला लावलात, पाण्याचा पाइप घेतलात आणि तो धुवायला लागलात. एकेक दात धुतलात. कुणाची तुम्हाला थांबवायची छाती झाली नाही. मग रात्र पडल्यावर जीपमध्ये बसलात.

मी मामांना म्हणाले की माझ्या भावाला हे माहीत नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

मला आधी राग आला, आप्पा. कितीतरी दिवस मी ग्रॅबच्या केबिनकडं वर बघू शकत नव्हते. तुम्ही जन्मभर गप्प राहिलात, आणि बोलत मी राहिले, चुलतीपाशी, आत्यापाशी, दादापाशी. त्या संध्याकाळी चहाची बशी हातात घेऊन तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते सुखानं नव्हतं. तुम्ही वाट बघत होता की आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही आणि तुमचा मुलगा तुम्हाला परत मिळाला. तो तुम्ही घेतलात. मी तुमच्या जागी असते तर मीही घेतला असता.

पण एक गोष्ट तुम्हालाही कुणी सांगितली नव्हती. दादानं सांगितली नाही, मी सांगितली नाही, कारण दादानं मला बोलू नको म्हटलं होतं. त्या दुपारी आई उठून बसायला बघत होती. दादा दारातून आत आला आणि तिची नजर त्याच्यावर गेली. त्याच्या अंगात तुमचा जुना शर्ट होता. ती म्हणाली, आलात का. दादानं माझ्याकडं बघितलं, खुटबावच्या मामाकडं बघितलं, आणि आवाज जड करून म्हणाला, आलो. तिनं विचारलं, जेवलात का. तो म्हणाला, जेवलो. मग तिनं त्याचा हात धरला आणि आडवी झाली. पुन्हा ती काही बोलली नाही. म्हणजे ती गेली तेव्हा तिच्या लेखी तुम्ही आलेले होता. दादाचा राग या दोन शब्दांचा होता. तुम्ही खरोखर आला असता तर तिनं तुम्हाला ओळखलं असतं का, की मामासारखं तुमच्याकडंही परक्यासारखं बघितलं असतं, हे मी खूपदा मनात मांडून बघितलं. ते आता कुणालाच कळायचं नाही. पण तुम्ही वर त्या केबिनमध्ये ज्याला घाबरून बसला होता ते घडलं नव्हतं. ती तुमचीच वाट बघत होती आणि तिला तुम्ही भेटलात. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात दादा इथं आला होता. खुटबावला मामाच्या नातवाचं बारसं होतं, तिथून परत जाताना वाट वाकडी करून साइटवर थांबला. आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेत आणि चालताना तो तुमच्यासारखा किंचित डावीकडं झुकतो. मी त्याला हेल्मेट दिलं, कठड्याच्या अलीकडं उभं केलं. खोदाई चालू होती. ग्रॅब आत जात होता, गाळ घेऊन वर येत होता, आणि तो बघत होता. फोरमन मामा तिथं आले. मी ओळख करून दिली, ते आणि आप्पा मुंबईला एकत्र होते असं सांगितलं. मला ते टाळता आलं असतं, पण मामा समोरच उभे होते. दादानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"मग तुम्ही तिथंच असाल, आमची आई गेली तेव्हा," तो म्हणाला. "काँक्रीट चालू होतं म्हणून आप्पांना निघता आलं नाही. आम्ही लई दिवस त्यांना बोल लावला."

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते दादाकडंच बघत होते. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातलं.

"व्हय," ते म्हणाले. "चालू व्हतं. मीच व्हतो खाली. लई तडफड केली त्यांनी, पर सोडता येईना."

दादानं मान हलवली. मग आम्ही तिघांनी कंटेनरच्या सावलीत चहा घेतला आणि दादा शिरूरच्या रस्त्याला लागला. मी त्याला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. हे लिहिलेलं मी कुठं पाठवणार, आणि घरात ठेवलं तर एखाद्या दिवशी त्याच्या हाताला लागेल, म्हणून ठेवणारही नाही. फक्त एक कबूल करते. सगळं माहीत असूनसुद्धा, मामांच्या तोंडून ते ऐकताना क्षणभर मलाही ते खरं वाटलं, आप्पा, आणि फार बरं वाटलं.